वीस दुकाने, दीडशे किलोमीटर आणि पंधरा तासांचा दिवस

प्रश्न असा आहे: ‘मी २७ वर्षांचा असून चार वर्षे शाळेची गाडी चालवली आहे. रत्नागिरीतील एका किराणा वितरकाकडे १४ फुटी मालगाडीवर नोकरी मिळत आहे. भाट्ये, गोळप, पावस, पूर्णगड, आडिवरे, नाटे, तिथून राजापूर आणि मग महामार्गाने ओणी, लांजा, पाली करत परत, अशी लाईन आहे. रोज सुमारे २० दुकाने घ्यायची. मालक म्हणतात की दीडशे किलोमीटरचीच तर फेरी आहे. आधीचा चालक मात्र सांगतो की पहाटे ५ ला निघालेला माणूस रात्री ८ च्या आत घरी येत नाही. दीडशे किलोमीटरला पंधरा तास लागतात कसे, आणि हे काम निभते का?’

दोघेही खरे बोलत आहेत. मालक किलोमीटर मोजतात, कारण डिझेल किलोमीटरवर जळते. चालक तास मोजतो, कारण त्याचे आयुष्य तासांवर जळते. मी याच पट्ट्यात २२ वर्षे गाडी चालवली आणि गेली ६ वर्षे गोदामात बसून दुसऱ्यांच्या लाईनी लावतो, त्यामुळे दोन्ही हिशेब मला पाठ आहेत. दुकानांना माल पोचवणाऱ्या गाडीचा दिवस रस्त्याने लांबत नाही, तो थांब्यांनी लांबतो. ही गोष्ट मालकाला कागदावर मांडून दाखवल्याशिवाय पटत नाही, म्हणून आधी ती मांडतो.

या लाईनीवर दिवसभराचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर जात नाही. समोरून एस.टी. आली की एकाने पांदीच्या तोंडाशी मागे जाऊन वाट द्यायची, असे किनाऱ्याकडचे रस्ते आहेत. म्हणजे नुसते चाक फिरण्याचे पाच तास झाले. एका दुकानाला सरासरी १७ मिनिटे धरली, तर २० दुकानांची ३४० मिनिटे होतात, म्हणजे पावणेसहा तास. पहाटे गाडी भरणे आणि चलने लावणे यात सव्वा तास जातो, संध्याकाळी पैसे, परत आलेला माल आणि चलनांचा मेळ घालण्यात पाऊण तास जातो, आणि दुपारी दुकाने बंद असताना तास-दीड तास गाडी उभीच असते. ही बेरीज चौदा तासांवर जाते. उरलेला तास कुठे जातो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. एखाद्या पुलाच्या कामापाशी, गुरांच्या कळपामागे किंवा ‘जरा थांबा, भाऊ जेवायला गेलेत’ या वाक्यात तो जातो.

आता ती १७ मिनिटे जवळून पाहू. पूर्णगडकडे उतारावर एक दुकान माझ्या लाईनीवर अनेक वर्षे होते. रस्ता वर, दुकान खाली, आणि मध्ये जांभ्याच्या चौदा पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. गाडी कडेला घ्यायची, गिअरमध्ये ठेवायची, हातब्रेक ओढायचा आणि तरीही मागच्या चाकाला लाकडाची उटी, म्हणजे पाचर, लावायची. ताडपत्रीचा दोर सोडायचा, फाळका म्हणजे हौद्याची मागची फळी उघडायची, आणि त्या दुकानाचा माल हौद्यात शोधायचा. साखरेची ५० किलोची गोणी, तेलाचे डबे, साबणाची खोकी, बिस्किटांचे बॉक्स खाली न्यायचे. दुकानदार तेवढ्यात कोणाला पाव किलो तूरडाळ देत असतो. त्याचे गिऱ्हाईक संपेपर्यंत उभे राहायचे. मग तो मोजणार, सही करणार, मुदत संपलेले पुडे परत देणार, पैसे देणार किंवा पुढच्या खेपेला देतो म्हणणार. मी एकदा घड्याळ लावून पाहिले, तेव्हा प्रत्यक्ष वाहून नेण्याची मिनिटे फक्त पाच निघाली. बाकीची बारा शोधण्यात, थांबण्यात आणि मोजण्यात गेली होती. गडी वाढवून ही बारा मिनिटे फारशी कमी होत नाहीत. ती पहाटे गोदामातच कमी होतात.

गाडी भरण्याचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: शेवटी उतरायचा माल आधी भरायचा. पण नुसता एवढाच नियम पाळला तर ही गाडी घाटात त्रास देते. साखर, मीठ आणि तेल हा जड माल मागच्या चाकांच्या पुढे आणि तळाशीच हवा, मग तो कोणत्याही दुकानाचा असो. तो फाळक्याजवळ साचला की चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात नसल्यासारखे वाटू लागते. चहाची खोकी अगरबत्ती आणि साबणाला लागून ठेवायची नाहीत, कारण चहा वास धरतो आणि तो चहा दुकानदार महिन्याने परत देतो. म्हणून मी हौद्याच्या मधोमध माणूस अंग चोरून जाईल एवढी गल्ली सोडत असे, जड माल दोन्ही बाजूंना तळाशी, आणि त्यावर दुकानवार थप्प्या. प्रत्येक खोक्याच्या तोंडावर खडूने थांब्याचा आकडा घालायचा, बिलाचा नव्हे. सात म्हणजे सातवे दुकान. क्लीनर नवा असला तरी त्याला आकडा वाचता येतो. या एका सवयीने दर दुकानाची चार मिनिटे वाचतात, आणि वीस दुकानांना चार मिनिटे म्हणजे ८० मिनिटे होतात. गोदामाचे गडी ‘इतका वेळ कोणाला आहे’ म्हणून कुरकुरतील. त्यांच्या पंधरा मिनिटांनी तुमचा सव्वा तास वाचतो, हे मालकाने त्यांना सांगायचे असते. तुम्ही सांगून उपयोग होत नाही.

गाडी उघड्या हौद्याची आहे की बंद बॉडीची, हे नोकरी घेण्याआधी पाहून घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ताडपत्री सोडणे, झटकणे, पुन्हा आवळणे यात दर थांब्याला तीन मिनिटे जातात, म्हणजे रोजचा एक तास नुसता ताडपत्रीचा. उघडी गाडीच असेल तर मागचा भाग वेगळ्या लहान ताडपत्रीने झाका आणि तिला सुरगाठ मारा, म्हणजे एका ओढीत सुटेल. खाऱ्या हवेने फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कड्या लवकर गंजतात. महिन्यातून दोनदा ग्रीस लावले नाही, तर दर दुकानाला हातोडा काढावा लागतो आणि एखाद्या दिवशी बोट जाते.

यानंतर दुकानांचा क्रम येतो, आणि या लाईनीत सर्वांत जास्त अक्कल इथेच लागते. किनाऱ्याकडच्या गावांत घर आणि दुकान एकच असते, त्यामुळे सकाळी सातलाही माल घेतात. राजापूर, लांजा इथे बाजारपेठ नऊ-साडेनऊशिवाय हलत नाही, आणि दुपारी दीड ते चार आपल्या जिल्ह्यात शटर खाली असते. बाहेरून आलेल्या मालकांना याचा राग येतो. मला येत नाही, कारण ती दुपार आपल्यासाठीही आहे. गोळप ते नाटे हा सगळा किनारा दीडच्या आत उरकायचा, नाट्यात किंवा राजापूरच्या वाटेवर सावलीत गाडी लावून जेवायचे, वीस-पंचवीस मिनिटे झोपायचे आणि चारला बाजारपेठेत शिरायचे. दुपारी दोन ते चार शरीराला आपोआप ग्लानी येते, जेवण झालेले असो वा नसो. त्या वेळी दुकाने बंद आहेत म्हणून ‘तेवढ्यात पुढे जाऊन थांबू’ असे म्हणणारा चालक दिवसाच्या सर्वांत झोपाळू वेळी गाडी चालवत असतो. झोप अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका, नाही तर उठल्यावर डोके जड राहते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झालेल्या, साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे; तुमच्या वाट्याला बहुधा जुनी गाडी येईल, तेव्हा फणसाची किंवा आंब्याची सावली हेरून ठेवा.

हा क्रम वर्षभर टिकत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा साखरी नाट्यासारख्या बंदराच्या गावातली मागणी उतरते, आणि ऑगस्ट उजाडला की होड्यांवरच्या शिध्यासाठी तीच दुकाने दुप्पट माल मागतात. त्याच जुलैत राजापूरच्या जवाहर चौकात पुराचे पाणी शिरते. तिथले दुकानदार माल वर चढवत असताना तुम्ही नवा माल घेऊन पोचलात, तर सहीसुद्धा मिळत नाही; म्हणून पावसाच्या दिवसांत नाटे सोडण्याआधी राजापुरात एक फोन करायचा. एप्रिल-मे मध्ये हमाल आंब्याच्या पेट्यांवर जातात आणि वाढीव रोजीनेही मिळत नाहीत, तेव्हा गाडीवर दुसरा माणूस असेल असे मालकाकडून आधीच कबूल करून घ्या. गणपतीच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात. तुमची गाडी तिच्यात येत नाही, पण मोठ्या गाडीने गोदामात येणारा माल त्यात अडकतो. तो बंदीच्या आधी एकदम येतो आणि वीस दुकानांची वाढलेली मागणी एकाच आठवड्यात तुमच्या हौद्यावर पडते. त्या आठवड्यात लाईन दोन दिवसांत विभागावी लागते. एका दिवसात होते असे म्हणणाऱ्याने ती कधी केलेली नसते.

महामार्ग बंद पडणे हा प्रकार वेगळाच. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ आंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि महामार्ग दिवसभराहून अधिक काळ बंद राहिला. अशा वेळी आडवाटेने गाडी काढण्याचा मोह होतो. भरलेली १४ फुटी गाडी साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून, न्यायची नाही, एवढे लक्षात ठेवा. मालकाला फोन करा, जागा सुरक्षित असेल तिथे उभे राहा, आणि उरलेली दुकाने दुसऱ्या दिवशी घ्या.

शाळेची गाडी चालवलेल्या माणसाला वाटते की चालवण्याचे काम तेच आहे. इथे दिवसातून चाळीस वेळा केबिनमध्ये चढायचे-उतरायचे असते. उडी मारू नका. तोंड गाडीकडे, दोन हात आणि एक पाय कायम टेकलेला, असेच उतरायचे. माझ्या डाव्या गुडघ्याचे दुखणे उडी मारण्याच्या एका हट्टापायी मी कमावले आहे. तासभर बसून चालवल्यावर पाठ आखडलेली असते, त्यामुळे उतरल्या उतरल्या गोणी उचलायची नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारा, टायर पाहा, उटी लावा, चलन काढा, आणि मग हात लावा. पाणी कमी प्यायले की थांबावे लागत नाही, असा जुन्या चालकांचा हिशेब असतो. त्याचे व्याज मुतखड्याच्या रूपाने भरलेले तिघे तरी माझ्या माहितीत आहेत. आणि चहा! प्रत्येक दुकानदार विचारतो, नाही म्हटले तर राग येतो. दिवसाला दोन ठिकाणचा चहा ठरवून ठेवा आणि बाकीच्यांना ‘डॉक्टरने बंद केलाय’ म्हणा. हे खोटे चाळिशीनंतर बहुतेकांच्या बाबतीत खरे होते.

आता तासांबद्दल. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घालून दिलेले माप असे होते: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, विश्रांती धरून कामाचा पसारा १२ तासांच्या आत, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याला तो लागू नव्हता, आणि आपल्याकडचे बरेच वितरक नेमके चार माणसे कागदावर दाखवत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता आल्या, तरी दिवसाचे ८ तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी हे सूत्र तसेच आहे. पंधरा तासांची लाईन या मापात बसत नाही, हे मालकालाही ठाऊक असते. म्हणून पगाराचा आकडा ऐकून हो म्हणू नका. दिवसाला जास्तीत जास्त किती थांबे, बारा तासांनंतरचे तास कसे मोजणार, क्लीनर रोज असेल का, आणि मालाची तूट-फूट कोणाच्या खात्यावर, हे विचारा. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मोजणी होण्याआधी चलनावर सही घेऊन गाडी काढणारा चालक पाच मिनिटे वाचवतो आणि महिन्याअखेरीस पगारातून तेलाचा डबा भरतो. तूट असली तर ती दोन्ही प्रतींवर दुकानदाराच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. किनाऱ्याला रेंज नसते, मोबाईलवरून पैसे पाठवल्याचा संदेश येत नाही, अशा वेळीही ‘रक्कम येणे बाकी’ असे तिथेच लिहायचे.

परवान्याचे एक सांगून टाकतो. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. १४ फुटी गाड्यांपैकी काही या मर्यादेच्या वर जातात, तेव्हा नोंदणीच्या पुस्तकातला आकडा स्वतः वाचा.

मला खरी भीती वाटते ती शेवटच्या दीड तासाची. पहाटे ४ ला उठलेला माणूस रात्री ९ ला सतरा तास जागा असतो. सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे भान आणि हाताचा वेग रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा होतो, असे तपासण्यांत दिसले आहे, आणि आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेता आपण त्या रेषेच्या पलीकडे असतो. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ५० मीटर आपली आपण गेलेली असते. माझ्याबाबतीत हे हातखंब्याहून रत्नागिरीकडे येताना, खेडशीच्या अलीकडे घडले. गणपतीचा आठवडा होता, २६ दुकाने दिली होती, मी त्या वेळच्या मालकांना दोन दिवसांत करू म्हणालो होतो आणि त्यांनी ऐकले नव्हते. हौदा रिकामा होता म्हणून वाचलो. डावी चाके साईडपट्टीवरून खाली उतरली तेव्हा खडखडाटाने जाग आली, आणि समोर विजेचा खांब दोन हातांवर होता. क्लीनर तर गाढ झोपलेला. त्याला आजही ठाऊक नाही. तेव्हापासून मी एक ठरवले आणि माझ्या हाताखालच्या चालकांनाही तेच लावले आहे: रात्री ८ ला गाडी जिथे असेल तिथून पुढे तासाभरापेक्षा जास्त चालवणे असेल, तर उरलेली दुकाने सोडायची. लांज्याला उशीर झाला तर तिथेच ओळखीच्या आवारात गाडी लावून झोपायचे. जांभई येऊ लागली, मागच्या दोन वळणांची आठवण राहिली नाही, की गाणी मोठ्याने लावून किंवा तोंडावर पाणी मारून काही होत नाही. झोपेवर झोपेखेरीज उतार नाही.

काम निभते का, असे तुम्ही विचारले आहे. बारा तासांत बसणारी लाईन असेल तर निभते, आणि चांगली निभते. ओळखी होतात, हात बसतो, रात्री माणूस घरी असतो. मुंबई-मंगळूरच्या लांब पल्ल्यावर ते नाही. पंधरा तासांची असेल तर दोन वर्षे निभते. म्हणून सुरुवातीचा आठवडा जुन्या चालकाबरोबर दुसरा माणूस म्हणून जा आणि खिशात एक वही ठेवा. प्रत्येक दुकानाला पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, आणि उशीर कशाने झाला ते एका शब्दात लिहा: शोध, गिऱ्हाईक, मोजणी, जागा, पाऊस. आठव्या दिवशी ती वही मालकासमोर ठेवा. ‘खूप वेळ लागतो’ या तक्रारीला मालक उत्तर देतात, आकड्यांना त्यांना उत्तर देता येत नाही.

माझ्या पहिल्या वहीत गोळपचे एक दुकान रोज ३५ मिनिटांचे निघाले होते. मी त्या दुकानदाराला कटकट्या समजत होतो. वहीत सहाही दिवस ‘गिऱ्हाईक’ हाच शब्द आला, तेव्हा ध्यानात आले की आम्ही तिथे पोचायचो साडेनऊच्या सुमारास, आणि त्याच वेळी समोरच्या शाळेची मुले पेन्सिल-गोळ्यांसाठी दुकानात भरलेली असत. तो एकटाच होता, बिचारा करणार काय. आम्ही त्याला पावसच्या मागून काढून पहिल्या थांब्यावर घेतले. सात वाजून दहा मिनिटांनी पोचायचो, तेव्हा तो अंगणात दात घासत उभा असे, आणि बारा मिनिटांत आम्ही मोकळे होत असू.